थंड हरितगृहात प्लग रोपांचे रुजणे : मुळांपाशी पाणी असूनही रोप का सुकते?

या टिपणाची सुरुवात एका प्रश्नाने करू. जानेवारी महिना आहे. हीटरची कोणतीही सोय नसलेले एक पॉलिहाऊस आहे. पाच दिवसांपूर्वी ढोबळी मिरचीची रोपे ट्रेमधून काढून गादीवाफ्यांवर लावली आहेत. सकाळी साडेअकराच्या सुमारास तुम्ही आत शिरता, तर रोपांनी माना टाकलेल्या दिसतात. तुम्ही वाफ्यात बोट खुपसता. माती ओली आहे. आता काय कराल?

तिसऱ्या वर्षाच्या वर्गात हा प्रश्न मी दरवर्षी विचारते. बहुतेकांचे उत्तर एकच असते : थोडे पाणी देऊ. या उत्तराला मी हसत नाही, कारण काही वर्षांपूर्वी मीही हेच उत्तर दिले होते, आणि तेही वर्गात नाही, शेतावर. निफाडच्या बाजूला एका विद्यार्थ्याच्या वडिलांचे दहा गुंठ्यांचे पॉलिहाऊस होते. आमच्या प्रकल्पगटाला तेथे तापमान आणि आर्द्रता मोजण्याचे सेन्सर बसवायचे होते. आम्ही गेलो त्याच आठवड्यात लागवड झाली होती आणि दुपारी रोपे मलूल पडत होती. अण्णांनी, म्हणजे त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी, मला विचारले. मी उष्णता संक्रमण शिकवणारी बाई. पानांतून जाणारे पाणी मुळांकडून येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त आहे, एवढे मी अचूक सांगितले, आणि त्यावरून ठिबक दिवसातून आणखी दोनदा चालवा असा चुकीचा सल्ला दिला. दहा-बारा दिवसांत खोडे जमिनीलगत काळी पडून रोपे आडवी होऊ लागली. सुमारे एक तृतीयांश ओळी उपटून पुन्हा लावाव्या लागल्या. पॉलिहाऊसवर कर्ज होते आणि उशिरा लागलेल्या ओळींचा माल उशिराच येणार होता. अण्णांनी मला एका शब्दानेही बोलून दाखवले नाही. चहा दिला. ते जास्त लागले.

ती चूक नेमकी कोणती होती, हे या टिपणात आकड्यांनिशी पाहू. लागणारे भौतिकशास्त्र तुम्ही बारावीपर्यंत शिकलेले आहे.

हुंडी म्हणजे काय आणि रुजणे म्हणजे काय

भाजीपाल्याची रोपे आता बहुतेक ठिकाणी प्रो-ट्रेमध्ये करतात. आपल्याकडे ९८ कप्प्यांचा ट्रे सर्रास दिसतो. प्रत्येक कप्प्यात कोकोपीट आणि एक बी. कप्प्याचे आकारमान ट्रेनुसार बदलते. हिशोबासाठी आपण २५ मिलिलिटर धरू. महिना-सव्वा महिन्यात मुळे या कोकोपीटला बांधून ठेवतात आणि रोप उचलले की शंकूच्या आकाराचा एक गठ्ठा अखंड बाहेर येतो. नर्सरीवाले त्याला हुंडी म्हणतात, इंग्रजीत त्याचेच नाव प्लग. या टिपणात मी हुंडी हाच शब्द वापरेन.

रोप वाफ्यात लावले म्हणजे ते रुजले असे नाही. लावल्यानंतर कित्येक दिवस त्याची सगळी मुळे त्या २५ मिलिलिटरमध्येच असतात. भोवती क्विंटलभर ओली माती असली तरी रोपाच्या दृष्टीने ती शेजाऱ्याची विहीर. मुळे हुंडीची सीमा ओलांडून मातीत शिरली की ते रोप रुजले. म्हणून लागवडीनंतरच्या आठवड्याभरात आपले काम एकच : मुळांना ती सीमा लवकर ओलांडता यावी अशी परिस्थिती ठेवणे. उन्हाळ्यात हे काम चार-पाच दिवसांत होते. थंड हरितगृहात त्याला दोन आठवडेही लागू शकतात, आणि या लांबलेल्या काळातच घात होतो.

एक स्पंज घ्या

पुढे वाचण्याआधी हा प्रयोग करा. भांडी घासण्याचा चौकोनी स्पंज पुरेल. तो पाण्यात बुडवून पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. थोडे पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज न दाबता उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, छिद्रे तीच, तरी आडवा असताना त्याने जास्त पाणी धरून ठेवले होते.

कारण असे : बारीक छिद्रांतील केशाकर्षण पाण्याला काही सेंटिमीटर उंचीपर्यंत गुरुत्वाकर्षणाविरुद्ध तोलून धरते. त्यामुळे कोणत्याही भांड्याच्या तळाशी, खाली भोके असली तरी, पाण्याने गच्च भरलेला एक थर राहतोच. त्या थराची जाडी माध्यमावर ठरते, भांड्याच्या उंचीवर नाही. फूटभर उंच कुंडीत तो तळाला पडून राहतो आणि वरच्या भागात हवा खेळते. ट्रेचा कप्पा जेमतेम चार-पाच सेंटिमीटर खोल. तिथे हा गच्च थर जवळजवळ सगळी हुंडी व्यापतो. म्हणून ट्रेमधले रोप पाणी घातल्यानंतर काही तास कायम दलदलीत उभे असते. ऊन असेल तर रोप ते पाणी भराभर ओढते आणि हवा आत येते. थंडीत, ढगाळ दिवशी, ते ओढत नाही.

हुंडी वाफ्यात गेली की तिच्या तळाची सीमा-अट बदलते. खाली आता हवा नाही, माती आहे. माती बारीक कणांची असेल आणि हुंडीला घट्ट चिकटली असेल, तर माती हुंडीतले पाणी शोषून घेते. काळ्या मातीच्या वाफ्यात मी असे पाहिले आहे की बोटाला वाफा ओला लागतो आणि हुंडी आतून कोरडी निघते. उलट माती ढेकळांची असेल, हुंडीभोवती पोकळी राहिली असेल, तर पाणी ओलांडून जायला वाटच मिळत नाही आणि हुंडी ट्रेमध्ये होती तशीच गच्च राहते. दोन्ही प्रसंगी रोप मान टाकते. वाफ्यात बोट घालून यातले काहीच कळत नाही. कडेचे एखादे रोप हलक्या हाताने उचला, हुंडी दोन बोटांत दाबा. पाणी ठिबकले तर ती भिजलेली आहे. बोटे नुसती ओलसर झाली तर ठीक आहे. हुंडी हलकी आणि फिकट तपकिरी दिसली तर तहानलेली आहे. एक रोप हलवल्याने शेत बुडत नाही. न बघता पाणी दिल्याने बुडू शकते.

अण्णांच्या वाफ्यात मी बोट घातले होते, हुंडी दाबली नव्हती.

पाणी आहे, पण चढत नाही

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. हुंडी भिजलेली आहे, तरी रोप दुपारी सुकते. असे का होते?

विजेच्या मंडलाप्रमाणे विचार करा. मुळांभोवतीचे पाणी हा स्रोत, पानांभोवतीची कोरडी हवा ही मागणी, आणि मधले मूळ-खोड-पान हा रोध. मागणी मोजायची ती बाष्पदाबातील तुटीने, म्हणजे त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त किती बाष्प धरू शकते आणि प्रत्यक्षात किती आहे यातील फरकाने. एक नमुना घेऊ. सकाळी सात वाजता आतली हवा ९ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ९५ टक्के. ९ अंशांना संपृक्त बाष्पदाब सुमारे १.१५ किलोपास्कल असतो; त्याचे पाच टक्के म्हणजे तूट साधारण ०.०६ किलोपास्कल. साडेअकरा वाजता उन्हाने आतली हवा २७ अंशांवर गेली आणि आर्द्रता ४५ टक्क्यांवर उतरली. २७ अंशांना संपृक्त बाष्पदाब सुमारे ३.५७ किलोपास्कल, तूट १.९६. साडेचार तासांत मागणी तीस पटींहून अधिक झाली. पर्णरंध्रे काही अंशी मिटून रोप स्वतःला सावरते, पण ती पूर्ण मिटली तर पान तापते आणि वाढ थांबते.

त्याच वेळात मुळांचे काय झाले? ओली माती जड असते. ओलाव्यामुळे तिची उष्णताधारकता मोठी, म्हणून ती हवेच्या बरोबरीने तापत नाही. हवा १८ अंशांनी वर गेली तेव्हा दहा सेंटिमीटर खोलीवर फार तर दोन-चार अंशांचा फरक पडतो. मुळे अजून बारा-तेरा अंशांवरच आहेत. या तापमानाला रोध दोन कारणांनी वाढतो. पहिले कारण सरळ भौतिक आहे : थंड पाणी दाट होते. २५ अंशांना पाण्याची श्यानता ०.८९ मिलिपास्कल-सेकंद असते, १० अंशांना १.३१. म्हणजे जवळजवळ दीडपट. दुसरे कारण जैविक आणि जास्त मोठे : मुळांच्या पेशींच्या पटलांतून पाणी आत घेणारी प्रथिनांची दारे थंडीत नीट काम करत नाहीत. मिरची, टोमॅटो, काकडी ही उष्ण प्रदेशातली कुळे. त्यांच्यात हा परिणाम ठळक दिसतो. कोबी, लेट्यूस, पालक यांना तोच वाफा फारसा जाचत नाही.

म्हणजे मागणी तीस पट आणि वाटेतला रोधही वाढलेला. रोप ओल्या हुंडीत उभे राहून तहानेने सुकते. अशा वेळी स्रोताशी आणखी पाणी ओतून काय साधणार? टाकी भरलेली आहे, नळ गोठलेला आहे. उपाय दोनच : मागणी कमी करा किंवा मुळे ऊबदार करा. माझ्या सल्ल्याने यातले काहीच होणार नव्हते. उलट, पुढे दिसेल त्याप्रमाणे, मुळे आणखी थंड होणार होती.

एक खूण लक्षात ठेवा. दुपारी सुकलेले रोप ऊन उतरल्यावर ताठ झाले, तर मुळे जिवंत आहेत, फक्त थंड आहेत. संध्याकाळीही मान खालीच राहिली, तर हुंडी उकलून पाहा. पांढरी मुळे चांगली. तपकिरी मूळ चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल निघून आत दोऱ्यासारखा धागा उरला, तर पिथियमसारख्या बुरशीने कुजवायला सुरुवात केली आहे. त्या रोपाला आता ऊब दिली तरी उशीर झालेला आहे.

ट्रेचा उष्णतेचा जमाखर्च

ट्रेमध्ये ९८ हुंड्या, प्रत्येकी २५ मिलिलिटर, म्हणजे सुमारे अडीच लिटर माध्यम. भिजलेल्या अवस्थेत त्यात दीड किलो पाणी धरू. पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश. कोकोपीटची थोडी भर घालून संपूर्ण ट्रे एका अंशाने तापवायला सोयीसाठी ७ किलोज्यूल लागतात असे मानू. हुंड्या १८ अंशांवर आहेत. तुम्ही त्यावर उघड्या टाकीतले, रात्रभर गार झालेले, १० अंशांचे एक लिटर पाणी ओतता. मिश्रणाचे तापमान : ७ गुणिले १८, अधिक ४.२ गुणिले १०, भागिले ११.२. उत्तर १५ अंश. एका झारीत तीन अंश गेले, आणि आता पुन्हा तापवायला ७ ऐवजी ११ किलोज्यूल लागणार. थोडे पाणी खाली गळून जाईल, म्हणून प्रत्यक्ष आकडे जरा कमी येतील, दिशा तीच.

खरा खर्च मात्र पुढे आहे. ओल्या पृष्ठभागावरून पाण्याचे बाष्प होताना सुप्त उष्णता लागते, किलोला सुमारे २,४५० किलोज्यूल. ट्रेवरून फक्त १०० ग्रॅम पाणी उडाले, तर २४५ किलोज्यूल गेले. ही सगळी उष्णता ट्रेमधूनच घेतली असती तर तापमान ३५ अंशांनी उतरले असते! तसे होत नाही, कारण ऊन आणि हवा ती पुरवत राहतात. पण ऊन जे देते त्यातला मोठा वाटा मुळे तापवण्याऐवजी पाणी उडवण्यात जातो. आपला माठ याच तत्त्वावर चालतो. कायम ओला ठेवलेला ट्रे हा ९८ तोंडांचा माठ आहे.

प्राणवायूचा हिशोबही याला जोडा. प्राणवायूचे पाण्यातील विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असते. गच्च भिजलेल्या हुंडीत तो पोचत नाही. थंडीत मुळांचे श्वसनही मंद असते, त्यामुळे उन्हाळ्यासारखी मुळे दोन दिवसांत गुदमरत नाहीत. हे वरकरणी चांगले वाटते, पण त्यामुळेच हिवाळ्यातली चूक आठवडाभर दिसत नाही. दिसते तेव्हा बुरशीचा जम बसलेला असतो.

मग पाणी कधी, किती, कोणते

लागवडीच्या वेळी एकदा, हुंडीजवळ, हाताने, हुंडी आणि माती एकमेकींना चिकटतील इतके पाणी द्यायचे. ठिबकची तोटी रोपापासून चार बोटे जरी दूर असली, तरी पहिल्या दिवसांत तिचे पाणी वाफ्याला मिळते, हुंडीला मिळेलच असे नाही. म्हणून सुरुवातीची पाणी देण्याची क्रिया हुंडी दाबून ठरवायची आणि झारीने करायची. वेळ सकाळी दहाच्या सुमारास : हवा तापू लागलेली असते आणि संध्याकाळपर्यंत पृष्ठभाग सुकायला अवधी मिळतो. चारनंतर पाणी नको.

पाणी कुठले, हा प्रश्न तुमच्या गावावर अवलंबून आहे. थंडीच्या पहाटे विहिरीचे पाणी कोमट लागते, हे खेड्यात वाढलेल्या कोणालाही माहीत असते. खोल पाण्याचे तापमान त्या जागेच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास राहते. निफाडसारख्या ठिकाणी ते वीस अंशांच्या चांगलेच वर असते. तेव्हा टाकीत साठवून गार करण्यापेक्षा पंप सुरू करून थेट द्या. लेहमध्ये हाच नियम उलटतो. तिथली वार्षिक सरासरीच इतकी कमी की झऱ्याचे पाणी बारमाही बर्फासारखे असते; तिथे आदल्या दिवशी पाणी हरितगृहातच भरून ठेवावे लागते.

ऊब कुठून आणायची

आधी मोजा. साधा काचेचा किंवा डिजिटल थर्मामीटर आठ-दहा सेंटिमीटर खोल खुपसून सकाळी आठ वाजता सलग तीन दिवस नोंद घ्या. माझा कामचलाऊ नियम असा : मिरची किंवा टोमॅटोसाठी हा आकडा १५ च्या खाली असेल तर लागवड थांबवा आणि रोपे ट्रेमध्येच सांभाळा. ट्रे एका कोपऱ्यात गोळा करून ऊबदार ठेवता येतो, दहा गुंठ्यांचे वाफे नाही. कोबी, लेट्यूस, पॅन्सी यांना १० अंशही चालतात.

रात्रीची उष्णता कशी जाते ते पाहा. साधे पॉलिथिन दिवसा ऊन आत घेते आणि रात्री जमिनीतून निघणारे अवरक्त किरण बऱ्याच प्रमाणात बाहेर सोडते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा किंचित थंड झाल्याचेही आढळते, कारण बाहेर हवा मिसळत राहते आणि आत ती कोंडलेली असते. म्हणून 'पॉलिहाऊस आहे, थंडी लागणार नाही' हा समज खरा नाही. यावर स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे आत आणखी एक पांघरूण : वाफ्यावर तारेच्या कमानी आणि त्यावर पातळ न विणलेले कापड किंवा प्लास्टिक. ते साडेतीन-चारच्या दरम्यान, ऊन असतानाच टाकायचे. सहा वाजता टाकले तर जमीन बरीच उष्णता गमावून बसलेली असते. बाजूचे पडदेही त्याच वेळी खाली सोडा.

इथे एक अडचण येते. बंद घरात रात्री आर्द्रता शंभराला टेकते, छताच्या आतल्या बाजूला दव साचते आणि रोपांवर टपकते. ऊब राखायची तर बंद ठेवा, बुरशी टाळायची तर उघडा. यातून निर्दोष वाट नाही. सकाळी ऊन आल्यावर पांघरूण काढून पडदे अगदी थोडे उघडायचे, दमट हवा बाहेर जाऊ द्यायची, आणि हवा २२-२४ अंशांपर्यंत गेली की मग मोठे उघडायचे. यामुळे दुपारची ती तीस पटीची मागणीही खाली येते. पहिले तीन-चार दिवस अकरा ते दोन सावलीची जाळी ओढली तर आणखी मदत होते. त्यापुढे नको, कारण जाळी जमिनीचे ऊनही अडवते.

मल्चिंगबद्दल एक गोष्ट सहज नजरेआड होते. आपल्याकडे चंदेरी-काळा कागद चंदेरी बाजू वर ठेवून अंथरण्याची सवय आहे. चंदेरी बाजू ऊन परतवते आणि माती थंड ठेवते. मे महिन्यात हेच हवे असते. जानेवारीत आपण स्वतःच्या हाताने वाफा गार ठेवत असतो. काळी बाजू वर, आणि कागद मातीला चिकटून ताणलेला, तर माती अधिक तापते; पारदर्शक कागदाखाली ती सर्वांत जास्त तापते, मात्र तणही तितकेच माजते. पुढे उन्हाळा येणार आहे, त्यामुळे काळ्या बाजूची किंमत एप्रिलमध्ये मोजावी लागते. पीक किती महिने ठेवायचे, यावर हा निर्णय घ्या.

ट्रेच्या कोपऱ्यासाठी जुनी युक्ती अजून चालते. फूटभर खोल खड्ड्यात ताजे शेण आणि काडीकचरा दाबून भरायचा, वर मातीचा थर, त्यावर ट्रे. कुजताना निघणारी उष्णता खालून, म्हणजे नेमकी मुळांपाशी, मिळते. ताज्या शेणाला सुरुवातीचे काही दिवस फार उष्णता येते; थर्मामीटर पंचविशीत स्थिरावल्यावरच ट्रे ठेवा. हवा तापवणारा शेगडीसारखा हीटर याच्या उलट काम करतो. तो पानांची मागणी वाढवतो आणि मुळे तशीच थंड ठेवतो.

उष्णता साठवण्याचे तत्त्व सर्वांत स्पष्ट पाहायचे असेल तर लडाखकडे पाहा. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे, हिवाळ्यात पारा शून्याच्या पुष्कळ खाली जातो, पण आकाश निरभ्र आणि ऊन प्रखर. तिथल्या सौर हरितगृहांत दक्षिणेकडे पारदर्शक आवरण असते आणि उत्तरेची बाजू मातीच्या विटांची जाड भिंत असते. दिवसा भिंत तापते, रात्री ती उष्णता आत सोडते. जमिनीत खणलेली खंदक-हरितगृहेही तिथे प्रचलित आहेत. तिन्ही-चारही बाजूंनी जमीनच भिंतीचे काम करते. यंत्र नाही, इंधन नाही, फक्त वस्तुमान आणि दिशा.

रोप कसे निवडावे, खत किती द्यावे

रोप नर्सरीतून आणताना हुंडी बाहेर काढून पाहा. अखंड निघाली आणि कडेने पांढरी मुळे दिसली तर वय बरोबर. फुटली तर रोप कोवळे आहे. मुळे तळाशी गोल गोल फिरून तपकिरी झाली असतील तर ते जुने. थंड मातीत अशी मुळे बाहेर पडायला फार आढेवेढे घेतात. लागवडीआधी आठवडाभर पाणी जरा ताणून, रात्री पांघरूण थोडे उघडे ठेवून रोपे कणखर करावीत. ताणून म्हणजे उपाशी मारून नव्हे. हुंडी वाफ्याच्या पातळीला बसवावी आणि वर मातीचा पातळ थर द्यावा, म्हणजे उघडे कोकोपीट वातीसारखे पाणी उडवत बसणार नाही. खोड मात्र गाडू नये.

पानांची खालची बाजू जांभळी झाली की स्फुरद कमी पडले असे सांगून १२:६१:०० ची आळवणी करायला लावतात. निदान अर्धे बरोबर आहे. स्फुरद मातीत असते, थंड मूळ ते उचलू शकत नाही. ऊब मिळाली की जांभळेपणा बहुधा आपोआप जातो. आणि आळवणी म्हणजे शेवटी पाणीच. नत्र द्यायचे असेल तर थंडीत नायट्रेटच्या रूपात, उदाहरणार्थ कॅल्शियम नायट्रेट, कमी मात्रेत द्या. युरिया आणि अमोनियमयुक्त खतांचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू थंड मातीत मंदावतात आणि साठलेले अमोनियम कोवळ्या मुळांना अपाय करते.

दुसऱ्या वर्षी अण्णांनी लागवड नोव्हेंबरात घेतली, पण नर्सरीकडून दोनशे रोपे उशिरा आली आणि ती डिसेंबरअखेर लावावी लागली. मी पुन्हा गेले. कमानी घातल्या होत्या, पाणी थेट विहिरीचे. तिसऱ्या दिवशी दुपारी रोपे मलूल झाली. अण्णा व्हॉल्व्हवर हात ठेवून उभे. "मॅडम, सोडू का?" आम्ही दोघांनी चार हुंड्या दाबून पाहिल्या. चारही ओल्या. मी नको म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत घरी गेले नाही. पाचनंतर पाने उभी राहिली. आठव्या दिवशी विद्यार्थ्याने फोटो पाठवला : हुंडीच्या कडेतून मातीत शिरलेले, जेमतेम बोटाच्या पेराएवढे पांढरे मूळ. त्या दोनशेपैकी काही रोपे गेलीच. ती उंदरांनी कुरतडली होती, आणि उंदरांचे समीकरण माझ्याकडे नाही.

सरावासाठी

१. वरच्या ट्रेवर १० अंशांऐवजी विहिरीचे २४ अंशांचे एक लिटर पाणी दिले, तर हुंड्यांचे तापमान किती होईल?

२. साडेअकरा वाजता पडदे उघडल्यामुळे हवा २७ वरून २२ अंशांवर आली आणि आर्द्रता ४५ टक्केच राहिली. २२ अंशांना संपृक्त बाष्पदाब २.६४ किलोपास्कल धरून बाष्पदाबातील तूट काढा. पडदे उघडल्याने आर्द्रता ३५ टक्क्यांवर घसरली तर उत्तर कसे बदलते? मग बाहेर कोरडा वारा सुटलेला असताना पडदे किती उघडाल?

३. तुमच्या वसतिगृहाच्या गच्चीवर एकाच मापाचे दोन डबे कोकोपीटने भरा. एक गच्च भिजवा, दुसरा नुसता ओलसर ठेवा. सकाळी सात ते दुपारी दोन दर तासाला दोन्हींच्या मधोमध तापमान मोजा आणि आलेख काढा. कोणता डबा दुपारी जास्त तापतो आणि कोणता पहाटे जास्त गार असतो, ही दोन उत्तरे एकाच डब्याची आहेत का ते पाहा.